ब्रेकताई आणि पळपुटं बटण

गाडी शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या पायाखाली. यातला पहिला निव्वळ शोभेसाठी बसवलेला असतो, असं आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंचं कित्येक वर्षं मत होतं. म्हणून सगळे त्यांना ब्रेकताई म्हणतात. तोंडावर नुसतं 'ताई', पाठ वळली की ब्रेकसकट. त्यांना हे ठाऊक आहे. ठाऊक असल्याचं मला ठाऊक आहे, कारण त्यांच्या कानावर मीच घातलं होतं.

बाई कामाला चोख. आवाज असा की मधल्या काचा बंद असल्या तरी पलीकडच्या गाडीचा ड्रायव्हर गिअर बदलतो. पण स्वभाव एकच: पुढचं आधी करायचं. दूध उतू जाईल या धास्तीनं ते तापायच्या आत गॅस बंद, त्यामुळे त्यांच्या घरचा चहा कायम कोमट. त्यांच्या दारावरची बेल मी आजवर वाजवलेली नाही. बोट वर नेलं की दार उघडतं. विनोद सांगायला घ्यावा, तर शेवटच्या वाक्याआधीच मनसोक्त हसून घेतात आणि मग विचारतात, "बरं, पुढे काय झालं?"

त्यांचे यजमान निवृत्त आहेत आणि सगळीकडे पायी जातात. अर्ध्या शहराला गाडी शिकवलेल्या बाईचा नवरा पायी का फिरतो, हा आमच्या जिन्यातला जुना विषय. मी एकदा धीर करून विचारलंच. ते म्हणाले, "एकदा बसलो होतो तिच्या शेजारी. काही बोलायला तोंड उघडलं की ब्रेक." एवढं बोलून ते चालायला निघून गेले.

लेकीच्या लग्नाच्या वेळीही हेच. लेक म्हणाली, "आई, मला एक मुलगा..." आणि ताई म्हणाल्या, "नाही."

"अगं, ऐकून तरी घे!"

"ऐकलं. नाही."

मुलगा काय करतो हे कळल्यावर तर त्यांनी दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले. मुलगा व्हिडिओ गेम खेळायचा. म्हणजे तेच त्याचं काम. नवा गेम बाजारात आला की तो खेळून बघायचा आणि त्यात चांगलं काय, वाईट काय ते लिहायचं. ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं (निदान त्यांना तरी तसं वाटतं) आणि विचारलं, "बरं. आणि नोकरी?"

लग्न झालं. लेक आईचीच लेक, फक्त तिनं ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर दाबला. जावई मात्र निघाला गोड. सासूला 'आई' म्हणतो, कोमट चहा 'वा!' म्हणून पितो. ताई त्याला 'जावईबापू' म्हणतात आणि त्यात 'बापू'वर असा जोर देतात, की ऐकणाऱ्यानं काय ते समजावं. लेक-जावई पलीकडच्याच गल्लीत राहतात. लेकीच्या घरात रंगकाम निघालं, तेव्हा जावई आपला सगळा संसार, म्हणजे टीव्हीला लावायची यंत्रं, वायरी आणि खोकी, घेऊन सासूच्या बैठकीत मुक्कामाला आला. इथून आपली गोष्ट सुरू होते.

त्याच सुमाराला ताईंच्या कामावर एक भानगड झाली होती.

ड्रायव्हिंग स्कूलचे जुने मालक जाऊन त्यांचा मुलगा खुर्चीत बसला होता. हा नवा मालक म्हणजे घरातसुद्धा गॉगल लावणारा माणूस. त्याच्या लक्षात आलं, की ताईंकडे शिकलेले लोक परीक्षेत पटापट नापास होतायत. कारण उघड होतं. परीक्षेत ताईंचा पाय सोबत नसतो. शिकणाऱ्यांना सवय अशी, की समोर काही आलं की गाडी आपोआप थांबते. परीक्षेत ती थांबायची नाही, आणि ते चकित होऊन परीक्षकाच्या पायाकडे बघत बसायचे.

मालकानं दुसऱ्या ब्रेकला एक घंटी बसवून घेतली. ताईंचा पाय पडला, की गाडीत 'टुंग!'

पहिल्या दिवशी ती गाडी रस्त्यावरून गेली तेव्हा कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला वाटलं, कुणी सायकल शिकतंय.

मालकानं ताईंना केबिनमध्ये बोलावलं. हे संभाषण मला केबिनबाहेर फरशी पुसणाऱ्या बाईंकडून मिळालं आहे, तेव्हा त्यात पाणी असेल तर ते फरशीचं.

"ताई, बसा. तुम्ही मला लहानाचं मोठं होताना बघितलंय..."

"काउंटरवर बसवायचंय का मला?"

"माझं वाक्य तरी..."

"काउंटरवर बसणार नाही."

"ताई, वय होतं माणसाचं. भीती वाटायला लागते. त्यात काही कमीपणा नाही. काउंटरवर पंखा आहे, खुर्ची फिरती आहे..."

"मला फिरायचं असेल तर गाडी आहे."

शेवटी मालक म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या सोमवारी मी स्वतः मागच्या सीटवर बसतो. घंटी विनाकारण वाजली, तर तुम्ही काउंटरवर. नाही वाजली, तर मी हा विषय परत काढणार नाही."

ताई घरी आल्या त्या चपला न काढताच बैठकीत बसल्या. आयुष्यभर ज्या सीटवरून जग बघितलं, ती सीट सोडायची आणि फिरत्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'फोटो आणलाय का?' विचारायचं. ताईंना दुसरं कुठलंच काम येत नाही आणि आवडतही नाही. कुणाला सांगणार? नवरा फिरायला गेलेला. समोर टीव्हीवर जावई एक बटण उडवत बसलेला.

बटण म्हणजे शर्टाचं बटण. गेमचं नावच 'पळपुटं बटण'. एक बटण शर्टावरून तुटून पळतं. शिवणयंत्राच्या टेबलावर दोऱ्यांची रिळं, मोजपट्ट्या, कापडाचे गठ्ठे, त्यांवरून ते आपोआप धावत सुटतं. खेळणाऱ्याच्या हातात काम एकच: उडी मारायची. वरून शिवणयंत्राची सुई खाली येते, मधे कात्री उघडते-मिटते, आणि हे सगळं गाण्याच्या तालावर. ताल सांभाळून उडी मारली तर सुटलो, नाहीतर सुई बटणाच्या भोकातून आरपार. जावयाच्या भाषेत याला 'रिदम प्लॅटफॉर्मर' म्हणतात. आपल्या भाषेत, तालावर उड्या मारायचा खेळ.

"आई, तुम्ही खेळता का जरा?" जावई म्हणाला. "कधीच गेम न खेळलेल्या माणसाला हा जमतो का, तेही मला लिहायचंय."

"मला काय कामं नाहीत?" असं म्हणत ताईंनी हात पुढे केला.

पुढचं मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी खाली पेपर वाचत होतो आणि माझ्या डोक्यावर कुणीतरी खलबत्ता आपटायला लागलं. ठक. मग जरा वेळ शांतता. परत ठक. मी वर गेलो. (दार अर्थातच आधी उघडलं गेलं होतं.) बघतो तर ताईंच्या हातात ते खेळायचं यंत्र, बोटं थिजलेली, आणि उजवा पाय जमिनीवर धाडधाड आपटतोय. सुई दिसली की पाय खाली. बोट हलायचंच नाही. बटण बिचारं प्रत्येक वेळी शिवलं जात होतं.

"आई, बोटानं दाबायचं!" लेक हसून हसून लोळत होती.

"दाबतेच आहे!"

"ते पायानं दाबतेयस तू!"

ताईंनी खाली पाहिलं. स्वतःचा पाय पहिल्यांदाच बघावा तशा बघत राहिल्या.

जावई मात्र हसला नाही. तो आत जाऊन मोटारींच्या शर्यतीच्या कुठल्याशा गेमचं पेडल घेऊन आला, वायर जोडली आणि ते ताईंच्या पायाखाली ठेवलं. "आता खेळा."

आता पाय पोहोचायचा, पण बटण मरायचं ते मरायचंच. टप्पा संपला की हा खेळ एक चित्र दाखवतो. मधे एक उभी रेघ. तुम्ही मारलेली प्रत्येक उडी म्हणजे एक ठिपका. वेळेवर मारली तर ठिपका रेघेवर, उशीर झाला तर उजवीकडे, घाई केली तर डावीकडे. ताईंचे झाडून सगळे ठिपके डावीकडे. उजवीकडचा अर्धा पडदा धुतल्यासारखा स्वच्छ.

"म्हणजे काय?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे तुमचा पाय मंद नाहीये, आई. उलट तो फार लवकर पडतो. सुई निघायच्या आधीच तुम्ही उडी मारून मोकळ्या होता, आणि खाली उतरता त्या थेट सुईखाली."

"म्हणजे वय नाही झालेलं?"

"वय झालं असतं तर ठिपके उजवीकडे असते."

ताई एकदम उठल्या, चपला काढून ठेवल्या, परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "लावा पुन्हा."

मग आमच्या छतावर रोज संध्याकाळी शिवणकाम सुरू झालं. मी तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर वर जायला निमित्त उरलं नसतं. एरवी 'झालं का? कळलं. पुढे?' म्हणणाऱ्या बाई पडद्याकडे टक लावून सुई येण्याची वाट बघताहेत, पाय हवेत धरलाय, ओठ घट्ट मिटलेत, हे दृश्य सोडणारा मी नाही. त्यांच्या यजमानांनी तर त्या आठवड्यात संध्याकाळचं फिरणं बंद केलं. कोपऱ्यात बसून बघायचे. एकदा ताईंनी एक अख्खी ओळ ठिपके रेघेवर आणले, तेव्हा ते 'छान' म्हणाले. लेकीनं मला खुणेनं सांगितलं, हे नोंद करून ठेवण्यासारखं आहे.

मधेमधे भांडणं होती, ती खेळाशी. चौथ्या टप्प्यात शिंप्याच्या दुकानात दिवे लुकलुकायला लागतात, सगळा पडदा एकदा जांभळा, एकदा हिरवा, आणि त्या झगमगाटात सुईच दिसत नाही.

"हे काय, लग्नाचा मंडप आहे का?" ताई कडाडल्या. "अहो, समोरचं दिसू तरी द्या! मग चुकले तर मला बोला!"

"मीही तेच लिहिलंय, आई."

"आणि हे काय? इतक्या लांब आले, एक कात्री चुकली, तर परत पहिल्या रिळापासून? मी शिकवताना कुणी शेवटच्या वळणावर चुकलं, तर त्याला घरी पाठवून परत चप्पल घालण्यापासून सुरुवात करायला लावते का?"

"हेही लिहिलंय."

"आणि चांगलं काय लिहिलंय? का सगळं वाईटच?"

जावयानं वाचून दाखवलं. मीही होतोच. चांगलं म्हणजे पहिलं हे, की यात गाणं एकीकडे आणि खेळ दुसरीकडे असं नाही. उडी हाच गाण्यातला ठोका. नीट खेळत गेलात, तर एकेक वाद्य येऊन मिसळतं आणि आपणच वाजवतोय असं वाटायला लागतं. चुकलात, तर वाद्यं एकेक करून निघून जातात, शेवटी नुसतं शिवणयंत्र उरतं, पण गाणं थांबत नाही. दुसरं, खेळ चुकणाऱ्याचा अपमान करत नाही. बटण पडतं, टणकन वाजतं, आणि श्वास घेईपर्यंत परत धावायला लागलेलं असतं. तिसरे ते ठिपके. 'चुकलात' एवढंच न म्हणता किती आणि कुठल्या बाजूला, ते सांगतात.

"हे खरं," ताई म्हणाल्या. "माझ्यावर न ओरडता एवढ्या वेळा कुणी माझी चूक दाखवली, असं आठवत नाही."

"आम्ही ओरडायला गेलो की तू आधीच ओरडतेस ना," लेक म्हणाली.

याचा परिणाम गाडीतही दिसायला लागला. औषधवाला मला सांगायचा, "काका, टुंग कमी झालंय हो. आज दुकानासमोरून गाडी गेली तर मला कळलंच नाही." त्या घंटीवर तो दुकान उघडायचा का काय कोण जाणे. ताईंनी शिकणाऱ्यांवर ओरडणंही कमी केलं. 'अहो, मारणार का मला!' याच्या जागी आता नुसतं 'लवकर' किंवा 'उशिरा' म्हणायच्या. एका विद्यार्थ्याला एवढं चुकल्यासारखं झालं, की त्यानं विचारलं, ताई, माझं काही चुकलं का?

सगळं असं छान चाललेलं असताना शनिवारी संध्याकाळी घोटाळा झाला.

ताई तिसरा टप्पा खेळत होत्या आणि त्याच वेळी जावयाला काहीतरी ऐकवत होत्या. ऐकवताना त्यांना माणसाच्या तोंडाकडे बघायची सवय. म्हणून त्या वळल्या, टीव्हीकडे पाठ झाली, आणि रंगाऱ्यानं भिंतीला कुठला रंग लावायला हवा होता यावर त्यांचं भाषण सुरू राहिलं. पाय खाली चालूच. आम्ही सगळे त्यांच्या मागे टीव्हीकडे बघत होतो. बटण रिळावरून, गठ्ठ्यावरून, कात्रीच्या मधून, सुईच्या खालून गेलं. टप्पा पार झाला. सगळे ठिपके रेघेवर.

जावयानं टाळ्या वाजवल्या. "आई! न बघता!"

ताईंनी वळून पडदा पाहिला. आम्हाला वाटलं, खूश होतील. त्यांचा चेहरा उतरला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, आणि या वेळी 'बापू'वर जोर नव्हता, "तुमच्या खेळातली सगळ्यात मोठी खोट तुम्ही लिहिलीच नाहीत."

"कुठली?"

"यात सुई रोज त्याच जागी पडते. मला गाडी... म्हणजे उडी मारायला आली नाही. मला गाणं पाठ झालं. उद्या सुई एक बोट पुढं पडली, तर मी मेले."

जावयानं ठिपक्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "अशा सगळ्याच खेळांचं तसं असतं, आई. लोकांना तेच आवडतं. पाठ झालं की आपण तरबेज झालो असं वाटतं."

"वाटतं," ताई म्हणाल्या. वाक्य अर्धवट सोडून त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशीचा चहा उकळला. भांड्याबाहेर आला म्हणा ना.

काय खटकलं ते मला रविवारी सकाळी जिन्यात कळलं. ड्रायव्हिंग स्कूलचा शिकवायचा रस्ता जुन्या मालकांनी आखलेला. दारातून निघायचं, औषधवाल्याच्या पाटीला इंडिकेटर, बँकेच्या लाल फाटकापाशी वेग कमी, मैदानाला वळसा, परत दारात. वर्षानुवर्षं तोच. शनिवारीच सकाळी ताईंनी एका विद्यार्थ्याला वळण सांगायच्या आधी तो वळला होता. ताईंनी विचारलं, "मी काही बोलायच्या आत कसे वळलात?" तो म्हणाला, "रोज इथंच वळतो की." तेव्हा त्यांना त्याचं कौतुक वाटलं होतं.

"म्हणजे कळलं का तुम्हाला?" ताई मला म्हणाल्या. "माझ्या पायानं निम्मे नापास केले आणि त्या रस्त्यानं निम्मे. मी एवढी वर्षं लोकांना गाडी नाही शिकवली. लाल फाटक शिकवलं."

"मग आता? उद्या तर मालक मागं बसणार."

"बसू दे."

"नेहमीच्याच रस्त्यानं जा. घंटी वाजायची भीती नाही. सोमवार निघून जाईल, मग पुढचं पुढे."

ताई काही बोलल्या नाहीत. त्या जेव्हा काही बोलत नाहीत तेव्हा मला काळजी वाटते.

सोमवारी शिकणारी होती एक दंतवैद्यबाई. लोकांच्या जबड्यात यंत्र घालताना हात कापत नाही, पण क्लच सोडताना देव आठवतो, अशातली. पुढचा सगळा वृत्तांत मला तिनंच सांगितला, तोही माझ्या दाढेत कापूस कोंबून, त्यामुळे मधे एकही प्रश्न विचारता आला नाही. वृत्तांत एवढा नीट क्रमानं मिळाला त्याचं कारण हेच.

मालक गॉगल लावून मागे बसला. गाडी निघाली. औषधवाला दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला होता, त्याला मीच सांगून ठेवलं होतं. त्याच्या पाटीपाशी दंतवैद्यबाईंनी सवयीनं डावा इंडिकेटर लावला.

"डावीकडे नको," ताई म्हणाल्या. "सरळ."

"सरळ?" दंतवैद्यबाई दचकल्या. "सरळ काय आहे?"

"रस्ता."

"ताई," मागून मालक म्हणाला, "आपला मार्ग डावीकडे आहे."

"माहितीये. तो यांना पाठ आहे. तुम्हाला माझा पाय बघायचाय ना? मग खऱ्या रस्त्यावर बघा."

"घंटी वाजली तर मी ऐकून घेणार नाही हं."

"ऐकायलाच तर बसलायत."

दंतवैद्यबाई म्हणाल्या, "माझं काय? मला कुणी विचारलं का?"

"तुमच्या खुर्चीत मी बसते तेव्हा तुम्ही मला विचारता? तोंड उघडा म्हणता. आता तुमचं मिटा आणि समोर बघा."

गाडी सरळ गेली. मग उजवीकडे, मग एका अरुंद गल्लीत. दंतवैद्यबाईंना ना लाल फाटक दिसलं ना मैदान. प्रत्येक गोष्ट नवी. कपडे वाळत घातलेल्या गच्च्या, रस्त्यात उघडलेलं एका टेम्पोचं दार, फोनवर बोलत चालणारा एक माणूस. आणि मग समोरून, रस्त्याच्या अगदी मधोमध, एक सोफा आला.

दोन माणसं सोफा उचलून रस्ता ओलांडत होती. पुढचा उलटा चालत होता. मधेच त्यांचं भांडण जुंपलं, कोण वाकडं धरतंय यावर, आणि सोफा रस्त्यातच थबकला.

दंतवैद्यबाईंना शेजारून ताईंचा पाय उचललेला दिसला. तो ब्रेकच्या वर तरंगत राहिला. ताईंनी दात असे आवळले होते, की दंतवैद्यबाईंच्या मनात त्याही क्षणी त्यांच्या दाढांची काळजी आली. पाय खाली आला नाही. ताई काही बोलल्या नाहीत. गाडी पुढे जात राहिली, आणि शेवटी दंतवैद्यबाईंच्या लक्षात आलं, की इथं आपल्याशिवाय कुणी थांबवणारं नाही. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी गचका देऊन सोफ्याच्या अलीकडे थांबली आणि बंद पडली.

टुंग झालं नाही. मागच्या सीटवर मात्र धाडकन आवाज झाला. मालकानं आपला पाय पायपुसण्यावर असा आपटला होता, की त्याचा बूट सीटखाली अडकला.

"थोडं उशिरा," ताई दंतवैद्यबाईंना म्हणाल्या, "पण तुमचं तुम्ही. चालू करा."

दंतवैद्यबाईंनी मला सांगितलं, त्यांना पदवी मिळाली तेव्हासुद्धा त्या क्षणाइतका आनंद झाला नव्हता. आणि त्या आनंदातच घोटाळा झाला. सोफा गेला, गाडी सुरू झाली, वेग आला, गल्ली संपली, आणि कोपऱ्यावरून एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून शीळ घालत, कुठंही न बघता, सरळ गाडीसमोर. दंतवैद्यबाईंनी पूर्ण आत्मविश्वासानं पाय दाबला.

ॲक्सिलरेटरवर.

टुंग!

गाडी जागच्या जागी थांबली. सायकलवाले गृहस्थ शीळ न मोडता पुढे निघून गेले. त्यांना आजतागायत काही कळलेलं नाही.

मग मागून मालक म्हणाला, "वाजली."

"वाजली," ताई म्हणाल्या.

"विनाकारण वाजली तर काउंटर, असं ठरलं होतं."

"हो. विनाकारण वाजली का?"

ताईंनी वळून पाहिलं. त्याचा गॉगल हातात होता, आणि डोळे तो आत्ता कुठं उघडत होता.

"तुम्ही बघितलंत का समोर काय होतं ते?" ताईंनी विचारलं.

"मी... म्हणजे सोफ्यानंतर मी जरा..."

"डोळे मिटून बसला होतात."

"क्षणभर!"

आता बघा. ज्यानं निकाल द्यायचा, त्यानं पाहिलेलं काही नाही. ताई स्वतःच्या बाजूनं बोलल्या तर तो म्हणणार, तुम्ही तर म्हणणारच. पाहिलेलं एकट्या दंतवैद्यबाईनं, आणि तिला आपली चूक सांगायची तर आपण ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला हे सांगावं लागणार. एवढ्या मोठ्या दवाखान्याची मालकीण, मान ताठ. ताईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाट बघत बसल्या. मी म्हणतो, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाच्या वाक्याची वाट पाहिली.

दंतवैद्यबाई म्हणाल्या, "पाय माझा चुकला. सायकलवाले मधे होते आणि मी वेग वाढवला. यांनी दाबला नसता, तर मी आत्ता तुमच्याशी बोलत नसते, पोलिसांशी बोलत असते."

"आणि सोफ्याच्या वेळी?"

"त्या वेळी यांनी हात लावला नाही. पाय लावला नाही. तो मी थांबवला." हे वाक्य त्यांनी मला दोनदा ऐकवलं, कापूस बदलताना पुन्हा एकदा.

मालकानं सीटखालून बूट सोडवला. बराच वेळ लागला. मग म्हणाला, "काउंटरसाठी दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

"बघा," ताई म्हणाल्या. "आणि घंटी काढू नका. असू दे."

"आणि मार्ग?"

"तो काढा."

"चला मग, परत जाऊ," मालक म्हणाला आणि खिडकीबाहेर बघितलं. डावीकडे गोदामाची भिंत, उजवीकडे एकसारखी घरं. "हे आपण कुठं आलोय?"

"मला नाही माहीत," दंतवैद्यबाई म्हणाल्या.

"ताई?"

"मीही इकडे कधी आलेले नाही," ताई म्हणाल्या. मग दंतवैद्यबाईंकडे वळल्या. "बोला. डावीकडे की उजवीकडे?"

"अहो, मला काय विचारता! मला रस्ता माहीत नाही!"

"म्हणूनच विचारतेय."

मागे मालकानं दाराच्या वरची मूठ दोन्ही हातांनी धरली. दंतवैद्यबाईंनी आरसा पाहिला, खांद्यावरून मागे पाहिलं, जरा विचार केला आणि उजवा इंडिकेटर लावला.